इशियामाचे देऊळ आणि आत्याची माहुली

सांगलीच्या गावभागात माझ्या आत्याचे घर होते. ओसरीवरून आत गेले की उजव्या हाताला बैठकीची खोली, आणि त्या खोलीत घड्याळाच्या खाली एक चित्र. चित्र फार मोठे नव्हते. शाळेतल्या पाटीपेक्षा थोडे अधिक आडवे. काळसर निळे पाणी, झाडीने भरलेली एक खडकाळ टेकडी, त्या झाडीतून डोकावणारी देवळाची छपरे, लांबवर एक पूल आणि या साऱ्यांवर पूर्ण चंद्र. वरच्या अंगाला न वाचता येणाऱ्या अक्षरांतला मजकूर. बाकी सगळे शांत. सुट्टीत मी सांगलीला गेलो की दुपारी त्या चित्राखालच्या सतरंजीवर निजत असे आणि झोप लागेपर्यंत त्या टेकडीवर चढून जाण्याची वाट शोधीत असे. ती मला कधीच सापडली नाही.

हे चित्र घरात आले ते आत्याच्या सासऱ्यांमुळे. त्यांना घरात सगळे तात्या म्हणत. तात्या १९३० नंतरची काही वर्षे मुंबईला कापसाच्या एका पेढीवर कारकून होते. त्या काळी मुंबईचा कापूस गासड्या भरभरून जपानला जाई; कोबे बंदरापर्यंत आगबोटींची नियमित ये-जा १८९३ पासूनच सुरू झालेली होती. त्या व्यवहारातल्या कोणा जपानी गृहस्थाने तात्यांना हे चित्र दिवाळीची भेट म्हणून दिले. तात्यांनी त्याला चौकट करून घेतली आणि नोकरी सोडून सांगलीला परतले तेव्हा ट्रंकेतल्या धोतरांच्या घडीत ठेवून ते आणले. चित्राविषयी घरात एवढीच माहिती होती, आणि एवढी पुरेशी आहे असे सर्वांना वाटे.

माझी आत्या साताऱ्याची. तिचे माहेर म्हणजे आमचे घर. साताऱ्याच्या पूर्वेला कोसा-दीड कोसावर कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम आहे, तिथे माहुली. एका काठाला संगम माहुली, दुसऱ्या काठाला क्षेत्र माहुली. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधलेले विश्वेश्वराचे देऊळ तिथे आहे. नदीत उतरणारे रुंद घाट आहेत. पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. आत्या लहानपणी आजीबरोबर कोजागिरीला तिथे जात असे. लग्न होऊन ती सांगलीला आली आणि पुढे माहेरी येणे वर्षातून एकदा, मग दोन वर्षांतून एकदा, असे होत गेले. सांगलीला तिच्या घरासमोरून कृष्णेचा घाट फार लांब नव्हता. ती म्हणायची, "माहुलीचंच पाणी हे. चार दिवस उशिरा येतं, एवढंच."

आणि त्या बैठकीतल्या चित्राला ती माहुली म्हणत असे.

"आमच्या माहुलीखाली झोपलाय बघ," असे ती माझ्याविषयी शेजारणींना सांगे. आम्हां मुलांना त्यात काही वावगे वाटत नसे. टेकडी होती, पाणी होते, देऊळ होते, चंद्र होता. माहुलीला टेकडीवर देऊळ नाही, नदीवर आहे, हा फरक आमच्या ध्यानात आलाच नाही. आणि आला असता तरी आम्ही माहुली बदलली असती, चित्र बदलले नसते.

पुढे मी मुंबईला चित्रकलेच्या शिक्षणासाठी गेलो. वय वीस-एकवीस. चार पुस्तके वाचली होती, पाच नावे पाठ झाली होती, आणि घरच्या भिंतींवर काय असावे आणि काय नसावे याविषयी ठाम मते बनली होती. १९७१ च्या दिवाळीत मी सांगलीला गेलो. आत्याने फराळाचे ताट पुढे ठेवले. पाव्हणेमंडळी बसलेली होती. आत्याने नेहमीसारखे चित्राकडे बोट दाखवून माहुलीचे नाव काढले, आणि मी म्हणालो, "आत्या, ही माहुली नाही. हे जपानी कॅलेंडरचं चित्र आहे. छापील. असली चित्रं तिकडे गठ्ठ्यानं मिळतात. बैठकीत लावण्यासारखं काही नाही त्यात."

पाव्हणे हसले. आत्याही हसली. ती एवढेच म्हणाली, "जपानचं आहे हे मला ठाऊक आहे रे बाबा. तात्यांनीच आणलंय ना."

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा बैठकीत त्या जागी एका बँकेची दिनदर्शिका होती. चित्र आत माजघरात, कणगीच्या वरच्या भिंतीवर गेले होते. ते कोणी हलवले हे मी विचारले नाही, आणि तिनेही सांगितले नाही. २००८ साली आत्या गेली. त्या विषयावर आम्हां दोघांत पुन्हा एक शब्दही झाला नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले आणि गावभागातली घरे कित्येक दिवस पाण्यात राहिली. पाणी ओसरल्यावर मी साताऱ्याहून गेलो. माझा आतेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, दारात उभा राहून गाळ उपसत होता. रस्त्याच्या कडेला ढीग होता: गाद्या, वह्या, लग्नाचे फोटो, देवांच्या तसबिरी. छापील तसबिरींचा तर लगदा झाला होता; काचेमागे देव कोणता होता तेही कळत नव्हते. त्या ढिगात ती चौकट होती.

दादा म्हणाला, "राहू दे रे. काय राहिलंय त्यात?"

मी चौकट उचलली. मागचा पुठ्ठा फुगून सुटला होता. कागद मात्र फाटला नव्हता. त्यावर गाळाचा एक पिवळट पट्टा उमटला होता, खालचा कोपरा डागाळला होता, पण चंद्र होता, टेकडी होती, निळे पाणी होते. मी तो कागद ओल्या पंचात गुंडाळून साताऱ्याला आणला, स्वच्छ पाण्याने हलकेच धुतला आणि दोन टीपकागदांत दाबून वाळवला. वाळल्यावर उलटा करून पाहिला आणि जागच्या जागी बसलो. कागदाच्या पाठीवर रंग झिरपलेला होता आणि त्यावर हाताने घासल्याच्या गोलसर खुणा होत्या. यंत्रावर छापलेल्या कागदाला अशी पाठ नसते. मी चाळीस वर्षे मुलांना चित्रकला शिकवली. ज्या चित्राखाली मी निजलो त्याची पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

तेव्हापासून मी या चित्राचा पाठपुरावा केला. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

चित्राचे नाव 'इशियामाचा शरदातला चंद्र'. चित्रकार उतागावा हिरोशिगे. हा १७९७ साली एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, जन्मला. बाप आग विझवणाऱ्या दलातला छोटा अधिकारी. बारा-तेरा वर्षांचा असताना आईबाप एकाच वर्षी गेले आणि बापाची नोकरी पोराकडे आली. आगीची नोकरी सांभाळीत त्याने उतागावा तोयोहिरो या चित्रकाराकडे शिक्षण घेतले. १८३३ च्या सुमारास एदो ते क्योतो या राजमार्गावरील मुक्कामांची चित्रमाला काढून तो घरोघरी पोचला, आणि लगेच १८३४ च्या आसपास त्याने 'ओमी प्रांताची आठ दृश्ये' ही माला केली. बिवा नावाच्या मोठ्या सरोवराभोवतालचा हा प्रांत. आठ दृश्यांची ही कल्पना मूळची चीनमधली, अकराव्या शतकातली. जपान्यांनी ती आपल्या सरोवराला लावली. हिरा डोंगरावरचा संध्याकाळचा बर्फ, कारासाकीचा रात्रीचा पाऊस, मिई देवळाची सांजघंटा, काताताला उतरणारे हंस, याबासेकडे परतणारी शिडे, आवाझूची निरभ्र हवा, सेताची सांजलाली, आणि इशियामाचा शरदातला चंद्र. यांतली एकही गोष्ट विकत घेता येत नाही की मोजता येत नाही. पाऊस, घंटेचा आवाज, उजेड. आणि जागेचे नाव.

या चित्राचे रसग्रहण करायचे तर पहिली गोष्ट ही, की शरद ऋतू चित्रात दिसत नाही. तिकडचा शरद म्हणजे मेपलची लाल पाने, असे आपण ऐकतो. या चित्रात लाल पान नाही. आपल्याकडे तर पालवीचाच रंग लाल. कोशिंब चैत्राच्या तोंडावर तांबडा होतो, आणि तो तांबडेपणा जन्माचा असतो. जपानात लाल पान हे गळण्यापूर्वीचे असते. हिरोशिगेने ते सांगणे टाळले आणि फक्त चंद्र काढला. पाहणाऱ्याने ऋतू ओळखायचा तो हवेवरून. पावसाळा संपून धूळ बसलेली असते, डोंगराची कड स्वच्छ दिसते आणि चंद्राभोवती खळे नसते. ती हवा साताऱ्याच्या माणसाला शिकवावी लागत नाही. त्यांची चंद्रदर्शनाची रात्र म्हणजे त्यांच्या आठव्या महिन्याची पौर्णिमा, बहुधा आपली भाद्रपदी पौर्णिमा. पण मौज अशी की, त्यानंतरच्या महिन्यात तेराव्या रात्रीही ते पुन्हा चंद्र पाहतात, म्हणजे आपल्या कोजागिरीच्या अगदी अलीकडे. आपण दूध आटवतो, ते तांदळाच्या पिठाचे गोळे ठेवतात.

दुसरी गोष्ट देवळाची. इशियामा म्हणजे दगडाची टेकडी. तिथले देऊळ आठव्या शतकात, ७४७ च्या सुमारास रोबेन नावाच्या भिक्षूने स्थापिले असे मानतात. मुख्य मूर्ती न्योइरिन कान्नोनची. हे नाव परके वाटते, पण देव परका नाही: कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, आणि न्योइरिन म्हणजे चिंतामणी आणि चक्र धारण करणारा. ती मूर्ती एरवी दाराआड असते आणि रूढीप्रमाणे तेहतीस वर्षांनी दर्शनाला उघडतात. सांगलीच्या माणसाला चिंतामणी या नावाची ओळख करून देण्याची गरज नाही. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी १८०१ मध्ये सांगलीला आपले राज्य मांडले, १८११ च्या सुमारास कृष्णाकाठी गणपतीचे देऊळ बांधायला घेतले आणि ते १८४० नंतर पुरे झाले. हिरोशिगे चिंतामणीच्या देवळावरचा चंद्र काढीत होता तेव्हा सांगलीत पाथरवट दगड घडवीत होते.

या देवळाला साहित्यातही मान आहे. मुरासाकी शिकिबू ही राजवाड्यातली स्त्री १००४ साली इशियामाला येऊन राहिली, आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला सरोवरातले चांदणे पाहिले आणि तिला 'गेंजी'ची कथा सुचली, अशी आख्यायिका आहे. इतिहासाला ती सिद्ध करता येत नाही. देवळात मात्र तिची खोली दाखवतात, आणि चित्र पाहणाऱ्या जपानी माणसाच्या मनात त्या चंद्राबरोबर ती स्त्री येतेच.

आता हे छापतात कसे ते सांगतो. कारण 'छापील' हा शब्द मी आत्याला शिवीसारखा वापरला होता.

चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करतो. तो कागद चेरीच्या लाकडी फळीवर उपडा चिकटवतात आणि कोरणारा रेघा सोडून बाकीचे लाकूड काढून टाकतो. म्हणजे मूळ रेखाटन तिथेच नष्ट होते. या पहिल्या ठशावरून रेघांची छपाई होते, तीवर चित्रकार रंग नेमून देतो, आणि मग प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी कोरतात. ओलसर कागद फळीवर ठेवून पाठीवरून बांबूच्या सालपटात गुंडाळलेल्या गोल चकतीने घासतात, यंत्र नाही. सारे रंग जागच्या जागी बसावेत म्हणून प्रत्येक फळीच्या कोपऱ्याला एक खाच असते. आपल्याकडचा भावसार रंगारी लुगड्यावर ठसे उठवताना हेच करीत असे: एका रंगाला एक ठसा, आणि जुळणी नजरेने. आकाश वरून गडद आणि खाली फिकट होत जाते ते फळीवरचा रंग फडक्याने पुसत आणून. ते प्रत्येक प्रतीला नव्याने करावे लागते. निळा रंग बर्लिनला १७०६ च्या सुमारास सापडलेला; १८३० च्या आसपास तो जपानात स्वस्त झाला आणि हिरोशिगेचे पाणी निळे झाले. कागद तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा, लांब धाग्यांचा. ओला झाला तरी तुटत नाही. कृष्णेच्या पुरात तसबिरी गेल्या आणि हे चित्र राहिले, त्याचे कारण चमत्कार नव्हे, ही साल आहे. जो कागद जन्मतःच ओला करून घासलेला, त्याला पाण्याचे भय कमी.

अशी एक प्रत त्या काळी वाडगाभर शेवयांच्या किमतीला मिळे असे सांगतात. चित्रकाराचे नाव कागदावर असते, प्रकाशकाचा शिक्का असतो. कोरणारा आणि घासणारा बहुतेक वेळा निनावीच.

हे वाचताना मनात प्रश्न आला, की आपल्याकडे हे का झाले नाही? कोरायला हात नव्हते म्हणून नव्हे. तो पुरावा तर सांगलीपासून दोन कोसांवर आहे.

पुण्याच्या दरबारातला इंग्रजांचा वकील सर चार्ल्स मॅलेट याने जेम्स वेल्स या चित्रकाराच्या हाताखाली इथल्या कारागिरांना तयार केले. त्यांतला गंगाराम तांबट याने वेरूळच्या लेण्यांची काढलेली चित्रे आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. वेल्स १७९५ मध्ये वारला, मॅलेट १७९७ मध्ये पुणे सोडून गेला आणि कागद त्याच्याबरोबर गेले. वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने वेरूळची छापील चित्रे काढली ती लंडनला, १८०३-०४ च्या सुमारास. इकडे नाना फडणिसांनी त्याच विद्येचा उपयोग वेगळा करायचे योजिले: तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्गीता कोरवून छापायची. काम पुरे होण्यापूर्वी १८०० साली नाना गेले. कारागीर मिरजेला आला, गंगाधरराव गोविंद पटवर्धनांनी त्याला आश्रय दिला, आणि १८०५ मध्ये मिरजेत गीता छापून झाली. कोरणारा एक तांबट, एवढ्याच ओळखीने तो आपल्यापर्यंत पोचला आहे. हिरोशिगे त्या वर्षी आठ वर्षांचा होता.

म्हणजे हात होते, तांबे होते, आश्रयदाता होता. देवळाचे चित्र छापावे असे मात्र कोणाला वाटले नाही. मला वाटते, आपल्याला देवळाचे चित्र नको होते, देवाचे हवे होते. पंढरीची वारी काही लहान नाही. पण वारकरी परतताना बुक्का आणतो, तुळशीची माळ आणतो, चुरमुरे आणतो. चंद्रभागेवरचे धुके आणीत नाही. जपानातही आरंभ धर्मापासूनच झाला: आठव्या शतकात एका सम्राज्ञीने लक्षावधी चिमुकले लाकडी स्तूप करवून प्रत्येकात छापील धारणी ठेवल्या, आणि त्या धारणी मूळच्या संस्कृत. काम ७७० साली पुरे झाले. मिरजेच्या गीतेत आणि त्या धारणींत हजार वर्षांचे अंतर आहे, हेतू मात्र एकच, पुण्य. पण पुढे तिकडे शहरे वाढली, सामान्य माणूस पैसे साठवून यात्रेला निघू लागला, आणि ज्याला जाणे जमले नाही त्याने शेवयांच्या किमतीत जागा घरी आणली. आपल्याकडे चित्र श्रीमंताच्या भिंतीवर राहिले. वाईच्या मोतीबागेत, मेणवलीला नानांच्या वाड्यात भित्तिचित्रे रंगली. ती सुंदर होती आणि एकेकच होती. भिंतीला ओल आली, चुना फुगला, कोणी वरून रंग दिला, की चित्र गेले. त्याची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. वाईचे गणपतीचे देऊळ रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधताना त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केली, म्हणजे कृष्णेचा पूर दुभंगून जावा. दगडाला पुरातून वाचवण्याची युक्ती आपण शोधली. चित्राला वाचवण्याची युक्ती एकच असते, ती म्हणजे त्याच्या पुष्कळ प्रती असणे.

ती गोष्ट आपल्याकडे उशिरा आली, आणि शिळाछापाने आली: पुण्याची चित्रशाळा १८७८ मध्ये, रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये. तेव्हा रामपंचायतन आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या. पुरात ज्यांचा लगदा झाला त्या तसबिरी याच घराण्यातल्या. त्यांना मी हसणार नाही. त्यांनी जे काम केले ते भित्तिचित्रांना साधले नाही.

एवढे झाल्यावर मी चित्र मुंबईला एका जाणकारांकडे नेले. माझ्या मनात काय होते ते लपवत नाही. १८३४ ची अस्सल प्रत सांगलीच्या माजघरात ऐंशी वर्षे पडून होती, असे ऐकण्याची मला आशा होती. त्यांनी भिंग लावून रेघा पाहिल्या, कागद उजेडात धरला आणि सौम्यपणे सांगितले, की छपाई हाताची आहे, लाकडी ठशांची आहे, पण ठसे मागाहून पुन्हा कोरलेले आहेत. प्रत बहुधा १९२० ते १९३५ मधली. अशा पुन्हा कोरलेल्या प्रती तेव्हा पुष्कळ निघाल्या. किंमत फार नाही, त्यातून पाण्याचा डाग.

परतीच्या गाडीत मी खिन्न होतो. मग माझे मलाच हसू आले. पन्नास वर्षांपूर्वी छापील म्हणून ज्याला मी खाली उतरवले, ते आता पुरेसे जुने छापील नाही म्हणून मी पुन्हा खाली उतरवीत होतो. दोन्ही वेळा मी चित्राकडे पाहिलेच नव्हते.

याचे उत्तर मला औंधाला मिळाले. सातारा जिल्ह्यातल्या त्या लहानशा संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी, माहुलीचे देऊळ बांधणाऱ्या त्याच घराण्यातले. ते स्वतः चित्रकार होते. त्यांनी यमाईच्या टेकडीवर १९३८ मध्ये श्रीभवानी संग्रहालय उघडले. तिथे रविवर्मा आहे, हेन्री मूरने दगडात घडवलेली आई आणि मूल आहे, बंगाली वळणाची चित्रे आहेत, आणि त्या वळणात जपानचा अंश आहे. कारण योकोयामा ताइकान हा जपानी चित्रकार १९०३ मध्ये कलकत्त्याला आला होता आणि रंग पाण्याने विरवत नेण्याची त्याची रीत अवनींद्रनाथांनी उचलली. पण औंधला मला जे हवे होते ते दुसऱ्याच दालनात होते. तिथे युरोपातल्या नामांकित चित्रांच्या नकला आहेत. राजाला नक्कल आणि अस्सल यांतला भेद कळत नव्हता असे कोण म्हणेल? पण औंधचा शेतकरी रोमला जाणार नव्हता. त्याच्यासाठी रोम औंधला आणायचे तर नक्कल हाच मार्ग होता. यात्रेला न जाऊ शकणाऱ्या एदोच्या कारागिराने शेवयांच्या किमतीत इशियामा घरी आणला, त्यातला आणि यातला हेतू एकच.

आणि सांगलीच्या घरात बसून माहेरी जाऊ न शकणाऱ्या माझ्या आत्याने त्याच कागदातून माहुली घरी आणली होती.

एक गोष्ट सांगायची राहिली. चित्राच्या वरच्या अंगाला असलेला मजकूर ही एक जुनी कविता आहे. तिचा अर्थ मी एका जपानी जाणणाऱ्या मित्राकडून समजून घेतला. तिच्यात सुमा आणि आकाशी ही समुद्रकाठची दोन नामांकित ठिकाणे येतात, गेंजीच्या कथेत त्यांचे चांदणे प्रसिद्ध आहे. कवीचा आशय असा, की इशियामाच्या पाण्यावर चंद्र उगवला की ती ठिकाणे काही वेगळी उरत नाहीत. एका जागचे चांदणे पाहून दुसरी जागा आठवावी आणि दोन्ही एकच वाटाव्या, हा त्या चित्राचा अर्थ चित्रावरच लिहिलेला होता. मला तो वाचता आला नाही. आत्यालाही जपानी येत नव्हते. पण तिने चित्र बरोबर वाचले होते. ते जपानचे आहे हे तिला ठाऊक होते आणि तरीही ती त्याला माहुली म्हणत होती. चूक तिची नव्हती. चूक दुरुस्त करायला निघालेल्याची होती.

दादाला मी हे सगळे फोनवर सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आई माजघरात दिवा लावायची तेव्हा आधी देवांपुढे आणि मग त्या चित्रापुढे उदबत्ती फिरवायची. आम्हाला वाटायचं, डासांसाठी." चित्र त्याने परत मागितले. घर आता रंगवून झाले आहे. या वेळी चौकट वरच्या मजल्यावर लावू, असेही तो म्हणाला.

चित्र सांगलीला पोचवण्यापूर्वी यंदाच्या कोजागिरीला मी ते घेऊन माहुलीला गेलो. घाटावर गर्दी नव्हती. विश्वेश्वराच्या शिखरामागून चंद्र वर आला आणि दोन नद्यांच्या पाण्याचा एकच पट्टा चकाकू लागला. मी कागद उघडून मांडीवर ठेवला. पुराचा पिवळट डाग चित्रातल्या पाण्याच्या काठाशी आला आहे. नवख्या माणसाला तो वाळूसारखा वाटेल. तो डाग काढून घेता येईल, असे जाणकारांनी सांगितले होते. मी काढवून घेतला नाही. माहुलीचेच पाणी ते; चार दिवस उशिरा आलेले.